मुठीतलं वजन : घरच्या बॉक्सिंगला वजनी ग्लोव्ह्ज हवेत का?

टोकावडे हे कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावरचं गाव. या पट्ट्यातल्या गावांमध्ये पोलीस भरतीची किंवा सैन्याची तयारी करणाऱ्या मुलामुलींचं मैदान म्हणजे बहुतेक वेळा रस्त्याची कड. मृग लागून घाटाकडून पावसाची झोड सुरू झाली की ही कड चिखलात जाते, शाळेच्या पटांगणात पाणी साचतं आणि व्यायाम घरात येतो. पडवीत किंवा ओटीवर जेवढी जागा मिळेल तेवढ्यात दंड, बैठका आणि हल्ली मोबाइलवर बघून बॉक्सिंग. शॅडो बॉक्सिंगला, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारण्याच्या सरावाला, जोडीदार लागत नाही, बॅग लागत नाही, वाव-दीड वाव जागा पुरते. शिकवणारा हवा असेल तर शहर गाठावं लागतं; नुसता घाम काढायचा तर घर पुरतं.

या घरच्या सरावासाठी एक वस्तू विकली जाते. वजनी ग्लोव्ह्ज. हातात घालायचे, वेल्क्रोच्या पट्टीने मनगटाला आवळायचे आणि नेहमीचेच ठोसे मारायचे. याने खांदे भरतात, ठोसा जड होतो, हात वेगवान होतात, चरबी लवकर उतरते, असे चार दावे त्यामागे असतात. हे चार दावे वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळी आहेत. एखादा खरा ठरतो, एखादा अर्धा, एखादा साफ उलटा. म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

वस्तू नेमकी कोणती

आधी एक घोळ निस्तरू. बॉक्सिंगच्या साध्या ग्लोव्ह्जनाही वजन असतं आणि ते औंसात मोजतात. एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. हौशी स्पर्धांमध्ये वजनगटानुसार 10 किंवा 12 औंसांचे ग्लोव्ह्ज वापरतात. सरावात, विशेषतः जोडीदाराशी खेळताना, 14 किंवा 16 औंसांचे. 10 औंसांचा ग्लोव्ह 283 ग्रॅमचा, 16 औंसांचा 454 ग्रॅमचा. हे वजन असतं गादीचं. गादी जाड, म्हणून वजन जास्त. आणि ती असते मारणाऱ्याची मूठ व खाणाऱ्याचं तोंड दोन्ही वाचवण्यासाठी.

आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ते वजनी ग्लोव्ह्ज निराळे. ते बहुधा अर्ध्या बोटांचे असतात, हाताच्या पाठीवर आणि मनगटाभोवती शिवलेल्या कप्प्यांत लोखंडाचे बारीक कण किंवा वाळू भरलेली असते. एकेका हाताला अर्धा किलोपासून एक किलोच्या आसपास वजन. त्यांत मुठीला गादी नसते, किंवा नावापुरती असते. म्हणजे हे बॅगवर मारायचे ग्लोव्ह्ज नव्हेत; हवेत मारण्यासाठीच ते बनवलेले आहेत. दोन्ही वस्तूंचं नाव एकच असल्यामुळे अनेकजण वजनी ग्लोव्ह्ज घालून थेट पोत्यावर हात आजमावतात. मनगट मुरगळण्याची याहून सोपी वाट नाही.

जुन्या तालमीत वजन होतं, पण कसं?

हातात वजन घेऊन व्यायाम करणं आपल्याला नवं नाही. मुद्गल, करेला, गदा, लोखंडी साखळीची लेझीम ही सगळी महाराष्ट्राच्या तालमीतली साधनं. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यातून 1936 ते 1949 या काळात संपादित केलेल्या दहा खंडी ‘व्यायाम ज्ञानकोशा’त या देशी व्यायामांची तपशीलवार नोंद आहे. अमरावतीच्या 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हे प्रकार शिकवले, टिकवले, आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. इंग्रजांनी हिंदुस्थानातले मुद्गल पाहून आपल्या लष्करात नेले. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली.

त्यामुळे ‘आपले पहिलवान मुद्गल फिरवत, मग आम्ही वजनी ग्लोव्ह्ज घातले तर काय बिघडलं?’ हा प्रश्न रास्त वाटतो. फरक मात्र मोठा आहे, आणि सगळा आढावा या फरकाभोवतीच फिरतो. मुद्गल फिरतो. त्याची गती वर्तुळात वाहत राहते, कुठेही झटक्याने तोडावी लागत नाही. पोलीस भरतीतला गोळा हातातून सुटतो. पुरुषांचा 7.26 किलोचा, महिलांचा 4 किलोचा. दोन्ही चांगलेच जड, पण जोर लावून झाला की गोळा आपली गती घेऊन निघून जातो, हाताला ती अडवावी लागत नाही. डोक्यावरचा हंडा किंवा भाताचा भारा वाहिला जातो. त्याला वेगच नसतो. वजनी ग्लोव्ह्जचं वजन मात्र वेगाने पुढे जातं आणि हात सरळ होण्याच्या जरा आधी थांबवावं लागतं. थांबवणार कोण? समोर बॅग नाही, माणूस नाही. थांबवणार आपलाच खांदा आणि आपलंच कोपर. फिरणारं, सुटणारं आणि वाहिलेलं वजन शरीराला जे शिकवतं, ते हे थांबणारं वजन शिकवत नाही.

मुठीला वजन बांधण्याची जी जुनी उदाहरणं आहेत, ती तर व्यायामाची नव्हेतच. रोमन मुष्टियोद्धे हाताला चामड्याच्या पट्ट्यांत धातू बांधत. बडोदा आणि म्हैसूरच्या दरबारांत जेठी मल्ल शिंगाची वज्रमुष्टी घालून लढत. दोन्हींचा हेतू समोरच्याला जखमी करण्याचा होता, आपलं बळ वाढवण्याचा नव्हता.

खांद्यावर किती येतं

आता पहिला दावा, खांदे भरतात हा. थोडं गणित केलं की याचं उत्तर हाती येतं.

60 किलो वजनाच्या माणसाचा एक अख्खा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, साधारण शरीराच्या 5 टक्के, म्हणजे 3 किलोचा असतो. हात समोर आडवा धरला तर त्याच्या वजनाचा मध्य खांद्यापासून अंदाजे 30 सेंटिमीटरवर येतो. आता मुठीत अर्धा किलो ठेवा. मूठ खांद्यापासून 60 सेंटिमीटरवर, म्हणजे दुप्पट अंतरावर. त्यामुळे हाताच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याची भर घातली, तरी खांद्यावरचा भार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. एक किलो घेतला तर दोन तृतीयांशाने. वजन टोकाला असतं, म्हणून अंगापेक्षा त्याचा जोर मोठा.

याचा अर्थ दावा खरा आहे. तीन-तीन मिनिटांचे राऊंड हात गालाशी धरून काढायचे म्हणजे खांद्याच्या पुढच्या स्नायूचा कस लागतो. वजनाने तो आणखी लागतो आणि काही आठवड्यांत दम वाढतो. मी स्वतः अर्ध्या-अर्ध्या किलोची जोडी वापरून पाहिली. सगळ्यात आधी काय कळलं, तर आपले हात किती लवकर खाली येतात ते. साध्या सरावात ही चूक लपून राहते; वजन घातलं की मिनिटभरात उघडी पडते. वजनी ग्लोव्ह्जचा खरा उपयोग शोधायचा तर तो इथे आहे: हात वर ठेवण्याची सवय आणि त्यासाठी लागणारा खांद्याचा दम.

पण इथेच दुसरी गोष्टही लक्षात घ्यावी. गुरुत्वाकर्षण वजनाला खाली ओढतं. ठोसा जातो समोर. म्हणजे मुठीतलं वजन हात उचलून धरणाऱ्या स्नायूंना मेहनत देतं, पुढे ढकलणाऱ्यांना फार थोडी. पुढे ढकलण्याची ताकद हवी असेल तर त्यासाठी दंड आहेत. दंडात अर्ध्याहून अधिक शरीराचं वजन छाती, दंड आणि खांदे पुढे ढकलतात. अर्ध्या किलोच्या मोज्याने त्याची बरोबरी होत नाही.

ठोसा हातातून येत नाही

दुसरा दावा, ठोसा जड होतो. हा समजण्यासाठी ठोसा कुठून निघतो ते पाहावं लागतं. 1985 साली सोव्हिएत अभ्यासक फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉक्सरांच्या ठोशातल्या बळाची फोड करून मांडली. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांत सरळ ठोशाच्या बळात पायांचा वाटा सुमारे 39 टक्के, धडाच्या फिरण्याचा सुमारे 37 आणि हाताचा अवघा 24 टक्के निघाला. नवख्यांमध्ये चित्र उलटं होतं: पायांचा वाटा जेमतेम 17 टक्क्यांच्या घरात, हाताचा 38 टक्क्यांच्या आसपास. नवखा हाताने मारतो, तयार बॉक्सर जमिनीपासून मारतो.

आता नवख्याच्या मुठीत वजन द्या. त्याचं लक्ष हातावरच खिळतं. पाय थिजतात, कंबर फिरत नाही, खांदा वर उचलला जातो आणि ठोसा ढकलल्यासारखा जातो. म्हणजे जी खोड काढायची तीच पक्की होते. मागच्या हाताचा सरळ ठोसा मारताना मागच्या पायाच्या चवड्यावर वळून टाच बाहेर जायला हवी, कंबर आणि खांदा तिच्याबरोबर फिरायला हवेत. हे वळण आलं की वजनाशिवायही ठोसा जड होतो. ते आलं नाही तर वजनानेही होत नाही.

घराच्या जमिनीचाही यात वाटा आहे. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चवडा सहज वळतो. कोब्यावर किंवा ओलसर फरशीवर एकतर पाय चिकटतो किंवा घसरतो. चिकटला तर वळण गुडघ्याला पडतं. पावसाळ्यात ओटीवर सराव करणाऱ्याने हातातल्या वजनाच्या आधी पायाखालची ओल पाहावी.

हलकं वाटणं आणि वेग वाढणं

तिसरा दावा सर्वांत लोभस आहे. वजनी ग्लोव्ह्ज काढले की हात पिसासारखे वाटतात, ठोसे आपोआप सुटतात. वेग वाढला, असं मन सांगतं.

मन इथे फसतं. याचा सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये झाला आहे. तिथे फलंदाज मैदानात उतरण्याआधी बॅटला जड कडं अडकवून ती फिरवतात, मग कडं काढून खेळायला जातात. बॅट हलकी वाटते. पण मोजमाप केल्यावर अनेक अभ्यासांत असं आढळलं की फार जड बॅट फिरवल्यानंतर खऱ्या बॅटचा वेग वाढत नाही, उलट किंचित घटतो. कूप डीरेन या अभ्यासकाच्या कामातून पुढे आलेला निष्कर्ष असा की सरावाचं साधन मूळ साधनापेक्षा 10-12 टक्क्यांच्या फरकात असेल तर उपयोग होतो. त्यापलीकडे गेलं की शरीर वेगळीच, संथ हालचाल शिकतं.

हे माप आपल्या हाताला लावून पाहिलं तर एक मजेशीर गोष्ट निघते. बॉक्सरचं साधन म्हणजे त्याचा हातच. 3 किलोच्या हाताचे 10-12 टक्के म्हणजे 300 ते 360 ग्रॅम, आणि वजन टोकाला असल्यामुळे परिणाम दुप्पट धरला तर जेमतेम 150 ते 180 ग्रॅम. आता स्पर्धेचा 10 औंसांचा आणि सरावाचा 16 औंसांचा ग्लोव्ह यांतला फरक पाहा: सुमारे 170 ग्रॅम. हे गणित माझं आहे, ढोबळ आहे. पण बॉक्सिंगच्या आखाड्यांनी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून जो फरक ठरवला तो याच मापात बसतो. ज्याला वजनी ग्लोव्ह म्हणून शोधतो आहोत, तो बॉक्सरांकडे आधीपासून आहे. 16 औंसांचा साधा सरावाचा ग्लोव्ह. त्याला गादीही आहे.

वेगाबरोबर इजेची गोष्टही बेसबॉलमधूनच कळते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 ते 18 वयाच्या 38 चेंडूफेक्यांचे दोन गट केले. एका गटाने सहा आठवडे वजनी चेंडूंनी सराव केला. त्यांच्या फेकीचा वेग सुमारे 3 टक्क्यांनी वाढला. पण त्या गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याला दुखापत झाली. दुसऱ्या गटात एकालाही झाली नाही. चेंडू तर हातातून सुटतो. न सुटणाऱ्या वजनाबाबत सावधगिरी अधिकच हवी.

चरबी आणि घाम

चौथा दावा वजन उतरण्याचा. अमेरिकेतल्या व्यायाम परिषदेने हातात 1 ते 3 पौंड, म्हणजे साधारण अर्धा ते सव्वा किलो वजन घेऊन केलेल्या एरोबिक व्यायामाबद्दल दिलेला आकडा असा: हृदयाचे ठोके मिनिटाला 5 ते 10 ने वाढतात आणि ऊर्जेचा खर्च 5 ते 15 टक्क्यांनी.

ऐकायला बरं वाटतं. आता रोजच्या हिशेबात बसवू. याला जवळचा, बॅगवर ठोसे मारण्याचा व्यायाम ऊर्जाखर्चाच्या तक्त्यांमध्ये विश्रांतीच्या साडेपाच पट धरला जातो. 60 किलोच्या माणसाला अर्ध्या तासात त्यातून अंदाजे 165 किलोकॅलरी खर्च होतात. त्यावर 10 टक्के भर म्हणजे 16. दोरीवरच्या उड्या विश्रांतीच्या जवळपास 12 पट धरतात. त्या अखंड 10 मिनिटं मारल्या तर 118 किलोकॅलरी जातात. मुरबाडच्या बाजारात मिळणारी साधी दोरी आणि एक जोडी वजनी ग्लोव्ह्ज यांत चरबीसाठी काय घ्यावं, हे यावरून ठरवता येईल.

दुसरा मुद्दा असा की वजनाने ठोशांची संख्या घटते. तीन मिनिटांत मोकळ्या हाताने जितके ठोसे बसतात तितके वजनाने बसत नाहीत, पायांची हालचाल मंदावते. एकीकडे मिळवलेलं दुसरीकडे जातं. घाम जास्त येतो हे खरं; पण निओप्रीनच्या मोज्यात आणि श्रावणातल्या दमट हवेत घाम कशानेही येतो.

दुखतं कुठे

समजा मूठ सेकंदाला 6 मीटर वेगाने जाते आहे. अर्ध्या किलोच्या त्या ग्लोव्हमध्ये तेव्हा 9 ज्यूल ऊर्जा असते. अर्ध्या किलोची वस्तू सहा फुटांवरून पडताना झेलावी, तेवढी. प्रत्येक ठोशाच्या शेवटी ही वाढीव ऊर्जा कोपराच्या पुढच्या आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंना गिळावी लागते. एका राऊंडमध्ये शंभर ठोसे धरले तर शंभर वेळा. बॅगवर मारताना हा भार बॅग घेते, पण तिथे मनगट वाकण्याचा धोका वाढतो. दोन्ही बाजूंनी किंमत आहेच.

दुखणी ओळखीची आहेत. कोपर पूर्ण ताणून ‘खट’ होऊ दिलं तर कोपराच्या मागे कळ येते. खांद्याच्या गोल भागावर, हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात दुखलं, किंवा रात्री त्या कुशीवर झोपवेना, तर खांद्यातल्या बारीक स्नायूंच्या दोऱ्या चिडल्या आहेत असं समजावं. अशा दुखण्यावर ‘व्यायामाने मोकळं होईल’ म्हणून आणखी सराव करणं हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय, आणि नेहमीचाच चुकीचा. थांबावं, हात विसावू द्यावा. आठवड्यात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

काही जणांनी हे ग्लोव्ह्ज हातातच घेऊ नयेत. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी, कारण मूठ आवळून धरली आणि हात उंच ठेवले की दाब आणखी चढतो. मानेच्या मणक्याचं दुखणं असणाऱ्यांनी. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यांनी. आणि वाढीच्या वयातल्या मुलांनी, कारण त्यांच्या हाडांची टोकं अजून कच्ची असतात.

शेतीचं अंग

शहरातल्या सल्ल्यांमध्ये एक गृहीत असतं: व्यायाम करणारा दिवसभर खुर्चीत बसलेला आहे. मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात हे गृहीत लागू पडत नाही. ज्येष्ठ-आषाढात चिखलणी, आवण खणणं, मुठी बांधणं आणि दिवसच्या दिवस वाकून लावणी. दिवाळीच्या आगेमागे कापणी, भारे वाहणं, झोडणी. उन्हाळ्यात राबासाठी पातेरा आणि शेण वाहणं. लावणीच्या दिवसांत खांद्याचा मागचा भाग आणि कंबर आधीच थकलेली असतात. नेमका तोच काळ घरात व्यायाम करण्याचा. त्या संध्याकाळी मुठीत अर्धा किलो घेऊन शंभर ठोसे मारणं म्हणजे थकलेल्या स्नायूंकडून वेगाचं आणि ब्रेकचं काम मागणं. दुखापतीला याहून सोयीची वेळ नाही.

‘आमचे हात कामाचे आहेत, अर्ध्या किलोने काय होतंय’ असंही ऐकायला मिळतं. शेतीच्या कामाने पकड, पाठ आणि दम पक्का होतो, यात शंका नाही. पण ती ताकद ओढण्याची आणि वाहण्याची, संथ लयीची. झटक्याने पुढे फेकलेला हात झटक्याने थांबवायची सवय तिच्यात नसते. भारा वाहणारा खांदा ठोशाला तयार असतोच असं नाही. लावणी-कापणीच्या आठवड्यांत वजन पूर्ण बंद ठेवावं. हवं तर मोकळ्या हाताने हलके राऊंड, तेही अंग मोकळं करण्यापुरते.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी हिशेब आणखी सरळ आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. पुरुषांना 1600 मीटर धावणं 20 गुणांना, 100 मीटर 15 ला आणि गोळाफेक 15 ला. महिलांना 1600 च्या जागी 800 मीटर. ठोशांना गुण नाहीत. बॉक्सिंगचा सराव पावसात दम टिकवायला आणि गोळाफेकीला लागणारं कमरेचं वळण शिकायला उपयोगी पडेल, कारण गोळाही पायापासून वर चढत हातात येतो. पण त्या फायद्याला वजनी ग्लोव्ह्ज लागत नाहीत. लागतं ते वळण.

तरी वापरायचेच असतील तर

वजनी ग्लोव्ह्ज निरुपयोगी आहेत असं म्हणता येत नाही. ज्याची पावलं आणि कमरेचं वळण बसलं आहे, त्याला खांद्याचा दम वाढवायला ते मदत करतात. अशा माणसासाठी काही पथ्यं:

कसोटी आधी. मोकळ्या हाताने तीन मिनिटांचे तीन राऊंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, हात गालाखाली न येता काढता आले पाहिजेत. तोवर वजनाचं नाव नको.

सुरुवात पाव किलोपासून. बाजारातले ग्लोव्ह्ज बहुधा अर्ध्या किलोपासून सुरू होतात. वजनाचे कप्पे काढता येणारे मिळाले तर अर्धे रिकामे करावेत. जीन्सच्या कापडात वाळू शिवून घरीही पट्टी करता येते, मात्र ती मनगटावर घट्ट बसली पाहिजे. सैल पट्टी प्रत्येक ठोशाला सरकते आणि नेमका तोच झटका सांध्याला लागतो.

वजनाचा एकच राऊंड, तोही मधला. आधी एक मोकळा, शेवटी एक मोकळा. शेवटचा राऊंड नेहमी वजनाशिवाय आणि पूर्ण वेगाने, म्हणजे अंगाला खऱ्या ठोशाची लय लक्षात राहते.

ठोसा पाऊण वेगाने, कोपर थोडं वाकलेलं ठेवून. हुक (बाजूने येणारा ठोसा) आणि अपरकट (खालून वर जाणारा) वजनाने अगदी सावकाश. त्यांत खांदा फिरत्या अवस्थेत ताणला जातो. बॅगवर, पोत्यावर, भिंतीवर कधीच नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, लागोपाठचे नकोत.

पावसाळ्यात ग्लोव्ह्ज वापरून झाले की कोरडे करून वाऱ्यावर ठेवावेत. आतले लोखंडी कण गंजतात, कापड कुजतं, बुरशी धरते आणि हाताला खाज सुटते. साधे चामड्याचे ग्लोव्ह्ज असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत.

त्याच पैशात

घरच्या बॉक्सिंगसाठी खर्चाचा क्रम लावायचा तर माझ्या मते असा लागतो. आधी दोरी. मग हाताला गुंडाळायच्या पट्ट्या. त्या मनगट आणि बोटांची हाडं बांधून ठेवतात आणि बॅगवर मारणाऱ्याला त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. मग 14 किंवा 16 औंसांचे साधे ग्लोव्ह्ज. बॅग विकत घ्यायची गरज नाही. भातगिरणीवरचं तूस आणि जुने कपडे दाबून भरलेलं पोतं चालतं. ते घराच्या तुळईला किंवा वाशाला टांगू नये. हलत्या वजनाने जुनं लाकूड सैल होतं. दारातल्या झाडाची जाड फांदी बरी. वजनी ग्लोव्ह्ज या यादीत शेवटी, आणि ज्यांचं वरचं सगळं झालं आहे त्यांच्यासाठीच.

खेळ म्हणून बॉक्सिंगकडे बघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की मोकळ्या हातांनी पाया घातल्याशिवाय कुणी वर गेलेलं नाही. नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 साली पोलंडमधल्या कील्त्से इथे युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. महाराष्ट्रातल्या मुलीला तिथवर जाता येतं. पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही बॉक्सिंग शिकवलं जातं आणि लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्यांची निवड गावाकडच्या मुलांसाठी खुली असते. ज्याच्यात खरी आवड दिसते त्याला पालकांनी वस्तूंपेक्षा अशा ठिकाणची वाट दाखवावी.

आरोग्यासाठी व्यायाम करणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 चं माप पुरेसं आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा. रोज 20 मिनिटं मोकळ्या हाताने जोरकस शॅडो बॉक्सिंग, आठवड्यातून दोनदा दंड-बैठका, एवढ्यात हे माप भरतं. त्यात वजनी ग्लोव्ह्ज कुठेही अनिवार्य नाहीत.

थोडक्यात निकाल असा. खांद्याचा दम वाढतो, हा दावा खरा. चरबी उतरते, हा दावा खरा पण क्षुल्लक. ठोसा जड होतो, हा नवख्यासाठी खोटा. वेग वाढतो, हा भास. ज्याने अजून पाय आणि कंबर शिकलेली नाही त्याने वजनी ग्लोव्ह्ज घेऊ नयेत. ज्याने शिकली आहे त्याने पाव किलो, एक राऊंड, आठवड्यातून दोनदा, यापलीकडे जाऊ नये. आणि घेतलेच असतील, तर लावणी उरकेपर्यंत ते खुंटीला टांगून ठेवावेत.